‘वाघाच्या पाठीत घालीन काठी’ : ओळ बदलायची का? आणि पोरांची इतर प्राणीगाणी

ओसरी
नमस्कार मंडळी.

लेक बालवाडीत आहे. वसुबारसेच्या निमित्तानं शाळेत दरवर्षी छोटा कार्यक्रम असतो. मातीचं गाय-वासरू, रांगोळी, गूळ-शेंगदाणे आणि पोरांनी कोरसमध्ये म्हणायचं एक गाणं. गाणं अर्थात आपल्या सगळ्यांचंच:

दिन दिन दिवाळी
गाई म्हशी ओवाळी
गाई म्हशी कुणाच्या?
लक्षुमणाच्या
लक्षुमण कुणाचा?
आईबापाचा
दे माई खोबऱ्याची वाटी
वाघाच्या पाठीत घालीन काठी

यंदा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शेवटच्या ओळीवरून रण पेटलं. मुक्या प्राण्याला काठीनं मारायचं हे चार वर्षांच्या मुलांच्या तोंडी कशाला? एकीकडे भिंतीवर ‘वाघ वाचवा’चं चित्र आणि दुसरीकडे हे. वर्गाच्या बाई गरीब. त्यांनी सगळ्यांचं मन राखायला ओळ बदलली: ‘वाघोबाला देईन छान मेजवानी’. आता ‘वाटी’ला ‘मेजवानी’! लेक घरी म्हणून दाखवताना तिथे येऊन बरोब्बर अडखळते, कारण टाळी कुठे पडायची तेच तिला कळत नाही.

तर दोन गोष्टी. एक, ही ओळ बदलावी का, यावर तुमचं मत. दुसरी, मला अशी जुनी, तोंडी चालत आलेली, प्राणी-पक्ष्यांची गाणी गोळा करायची आहेत. कवी माहीत असलेली नकोत, सिनेमातली नकोत, यूट्यूबवरची डोळे मिचकावणारी कार्टूनं तर अजिबात नकोत. आणि शब्दांसोबत ते गाणं *करतात* कसं तेही लिहा.

सुरुवात मीच करते.

इथे इथे बस रे मोरा
बाळ घालितो चारा
चारा खा, पाणी पी
भुर्रकन उडून जा

कृती: बाळाचा डावा तळवा आपल्या हातात उघडा धरायचा. बाळाचंच उजवं बोट त्या तळव्याच्या मधोमध ‘इथे इथे’ला दोनदा टेकवायचं. ‘चारा’ला पाचही बोटांची चिमूट करून तळव्यात ठेवल्यासारखं करायचं, ‘पाणी पी’ला अंगठा. मग जरा थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं, बाळ श्वास रोखून वाट बघतं. आणि ‘भुर्र’ला दोन्ही हात डोक्यावरून मागे. आमच्याकडे मोराच्या जागी काऊ पण चालतो, ‘काऊ’ला ‘खाऊ’.

---

अवेळी_चहा
मेजवानी!! वाघ मेजवानीला खाणार काय? ज्यांना आत्ताच ओवाळलं त्याच गाई-म्हशी ना? बाईंनी नकळत गाण्याचा पार शेवटच करून टाकलाय. (दिवा घ्या, म्हणजे हलकंच घ्या.)

---

चिंचेची_सावली
मी ‘नाच रे मोरा’ लिहायला आले होते, नियम वाचून परत चालले. :)

---

ओसरी
@चिंचेची_सावली, हो ना, ते ‘देवबाप्पा’मधलं, १९५३चं. गदिमांचे शब्द, पुलंची चाल, आशाबाईंचा आवाज. इतकं अंगवळणी पडलंय की निम्म्या लोकांना ते लोकगीतच वाटतं. पण इथे नको.

---

माणगंगा
ओसरीताई, ओळ बदलू नका. का ते सांगतो.

हे गाणं वर्गात उभं राहून म्हणायचं नाहीच मुळी. आमच्या भागात (माण तालुका) वसुबारसेपासून गुराखी पोरं संध्याकाळी दिवटी घेऊन घरोघर फिरायची. दिवटी ओढ्याकाठच्या लव्हाळ्याची. लांब पाती घेऊन खाली मुठीत धरायला दांडी विणायची, वर नागाच्या फडीसारखा पसरट भाग करायचा आणि त्याच्या पुढ्यात पणती बसेल एवढी खोबण ठेवायची. माझे चुलते फडी अशी घट्ट विणायचे की पणती कलती झाली तरी तेल सांडत नसे. ती दिवटी घेऊन गोठ्यात जायचं, दावणीच्या एकेका जनावराच्या तोंडापुढून ओवाळायची आणि हे गाणं म्हणायचं. म्हशी बुजतात ज्योतीला, म्हणून म्हशीला जरा लांबून.

आता गाणं कोण कुणाला म्हणतंय बघा. म्हणणारा गुराखी. ‘माई’ म्हणजे त्या घरची मालकीण, जिची गुरं तो वर्षभर राखतो. तो तिच्याकडे खोबऱ्याची वाटी मागतो, आणि बदल्यात काय देणार? तर तुझ्या गुरांवर वाघ आला तर मी काठी घेऊन आडवा होईन. हा सरळ सौदा आहे. पोरगं आपल्या कामाची मजुरी मागतंय आणि कामाची हमीही देतंय. ती ओळ काढली की उरतं काय? फुकट खोबरं मागणारं पोर.

‘गाई म्हशी कुणाच्या’ हा सवाल म्होरक्या करायचा आणि बाकीचे जबाब द्यायचे. वर्गात सगळे मिळून सगळ्याच ओळी म्हणतात, तिथेच निम्मी मजा गेली.

---

रेघोट्या
वा, माणगंगा! हे कधी सुचलंच नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

ऊसाच्या_फडात
मी जुन्नर तालुक्यातली. आमच्याकडे ‘वाघ वाचवा’ आणि ‘वाघापासून वाचा’ ही दोन्ही चित्रं एकाच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहेत.

शहरातल्या पालकांना वाघ पोस्टरवर भेटतो. आमच्या पोरांना बिबट्या उसाच्या कडेला भेटतो. (गावात त्याला सर्रास वाघच म्हणतात.) बिबट्याच्या माद्या उसात पिल्लं घालतात, ऊसतोड सुरू झाली की पिल्लं सापडतात, मग वनखात्याची गाडी येते. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्रच आहे. वनखातं गावोगाव येऊन काय सांगतं? अंधारात एकटं जाऊ नका, हातात घुंगरू बांधलेली काठी ठेवा, मोठ्यानं बोला नाहीतर गाणी लावा. म्हणजे आवाज करा, तो आपोआप बाजूला होतो.

घोळक्यानं, दिवटी घेऊन, मोठमोठ्यानं ओरडत अंधारात फिरणारी पोरं, हातात काठ्या. जुन्या लोकांनी वनखात्याची सूचना गाण्यातच घालून ठेवली होती म्हणायची. मारायला काठी लागतच नाही, ती आपटायला लागते.

---

खिरपतीला_काय
+१ वरच्या दोघांनाही.

---

डोंगरवाट
मी अकोल्याच्या (नगरकडचं अकोले) आदिवासी भागात काही वर्षं शिक्षक होतो. तिथे तुमच्या वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस असते. तिथी तीच, अश्विन वद्य द्वादशी. महादेव कोळी, ठाकर या समाजांत गावाच्या शिवेवर वाघदेवाचं ठाणं असतं. दगडावर वाघ कोरलेला किंवा शेंदूर लावलेला, बऱ्याच ठिकाणी वर चंद्र-सूर्य. वारल्यांचा वाघोबा पालघर-डहाणूकडे असाच दिसतो.

त्या दिवशी गुराखी पोरं घरोघर जाऊन तांदूळ, दूध, गूळ जमवतात आणि ठाण्यापाशी खीर रांधतात. वाघाला नैवेद्य आधी, मग स्वतः. मी होतो त्या वाडीत एक पोरगा अंगाला राख-कोळसा फासून वाघ व्हायचा. बाकीची पोरं त्याला विचारायची, ‘पुन्हा आमच्या शिवारात येशील का?’ तो नाही-नाही म्हणत शेतांतून पळायचा आणि हे काठ्या आपटत मागे. पळून दमला की परत येऊन सगळ्यांबरोबर खिरीला बसायचा.

म्हणजे ओसरीताई, गंमत बघा, तुमच्या बाईंची मेजवानी अगदीच आकाशातून पडलेली नाही. नैवेद्यही आहे आणि काठीही आहे. फक्त नैवेद्य खिरीचा, आणि तो खाऊन झाल्यावर ‘इकडे फिरकू नकोस’ असं बजावणं. तोंडदेखलं प्रेम नाही आणि वैरही नाही. ज्याच्या शेजारी राहायचंय त्याच्याशी असंच वागावं लागतं.

---

अवेळी_चहा
@डोंगरवाट, माझा विनोद मागे घेतो. प्रतिसाद जबरी.

---

संत्र्याची_साल
काय राजेहो, प्राण्याची गाणी चालली अन् पोळा नाही? बैलाशिवाय कसं जमन?

आमच्या विदर्भात पोळ्याच्या झडत्या असतात, म्हंजे बैलापाशी मोठ्यानं म्हणायची यमकातली गाणी. सगळ्या गावच्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात, झुली, बाशिंगं, मठाठ्या, शिंगाले बेगड. मंग एकेक जण पुढे येऊन झडती टाकते. ही आमच्या गावात लहान पोरालेबी पाठ:

वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी
महादेव रडे दोन पैशासाठी
पार्वतीच्या लुगड्याले छप्पन गाठी
देव कवा धावला गरिबासाठी
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

शेवटचं ‘हर हर महादेव’ सगळ्या गावानं म्हणायचं. बैलाचं नाव बी नाही ह्याच्यात, पण बैलाच्या बाजूनं उभं राहून मालकाले, सावकाराले, देवाले, सगळ्यायले सुनावते. यंदा कपाशीचा भाव पडला तर झडतीत भाव येते. दरसाल नवी झडती बनते, जुनी बी चालते.

आदल्या दिवशी खांदेमळण. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सुजलेला असते, त्याले हळद अन् लोणी चोळून शेकायचं आणि बैलाच्या कानात म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’ माझी आजी बैलाले ‘या’ म्हणे, आम्हाले ‘ये’ बी नाही, ‘गिळ’ म्हणे.

लहान पोरायसाठी दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. चाकं लावलेले लाकडी बैल. नागपुरात ही रीत दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली असं सांगतात. पोरं बैल ओढत घरोघर जातात, झडती म्हणतात आणि बोजारा (खाऊ-पैसे) घेतात. झडती न म्हणता बोजारा मागनाऱ्याले आमची आजी दारातूनच वापस पाठवे.

---

रेघोट्या
एक लक्षात आलं का? दिवाळीच्या गाण्यात खोबऱ्याची वाटी, झडतीत खोबऱ्याची वाटी. आणि हे तिसरं, माझ्या आईचं:

ये गं गाई गोठ्यात
बाळाला दूध दे वाटीत
बाळाची वाटी मांजर चाटी
मांजर गेलं रागानं
त्याला खाल्लं वाघानं

इथे पण वाटी, आणि इथे पण वाघ! काठी, गाठी, चाटी. मराठीत ‘वाटी’ला यमकं इतकी सोपी आहेत की गाणं करणाऱ्याचं अर्धं काम तिनंच केलंय.

हे आम्हाला दूध प्यायला लावताना म्हणायचे. ‘वाघानं’ला वाटीतला शेवटचा घोट संपलाच पाहिजे. कोणाला मांजरीबद्दल वाईट वाटल्याचं आठवत नाही. आम्ही ‘परत म्हण’ म्हणायचो, कारण मांजर परत खाल्लं गेलेलं हवं असायचं.

---

नीरक्षीर
थोडा विरोधी सूर लावतो.

सगळ्यांनी छान लिहिलंय, पण ‘जुनं आहे म्हणून तसंच’ हा युक्तिवाद मला पटत नाही. दारावर दरवेशी अस्वल घेऊन यायचा, नाकात वेसण घालून नाचवायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो. तीही लोककलाच होती आणि ती थांबली ते उत्तमच झालं. मदारी, गारुडी, तेच. नागपंचमीला ‘चल गं सये वारुळाला’ म्हणत फेर धरायचा इथपर्यंत गोड. पण टोपलीतल्या, दात काढलेल्या नागाला दूध पाजायचं हे त्या फेराबरोबरच आलं ना? साप दूध पीत नाही, तो तहानेनं व्याकूळ झालेला असतो म्हणून तोंड लावतो. म्हणजे गाण्याबरोबर रीत येते, आणि रीत तपासायलाच हवी.

शिवाय लोकगीत म्हणजे बदलणारं गीत. इथेच बघा, कुणी ‘पाठीत’ म्हणतं, कुणी ‘पाठीवर’. कुणाची ‘माई’, कुणाची ‘माय’. मोराचा काऊ झाला. मग एका बाईंनी एक ओळ बदलली तर एवढं काय?

---

माणगंगा
नीरक्षीर, मुद्दा रास्त आहे. अस्वलाबद्दल तर पूर्ण सहमत.

पण ‘माई’ची ‘माय’ झाली ती म्हणता म्हणता झाली. ज्याच्या तोंडाला जे सोपं ते राहिलं. मेजवानीची ओळ पोरांच्या तोंडी बसत नाही हे ओसरीताईंच्या लेकीनंच दाखवून दिलं. उद्या एखाद्या पोरानं आपणहून ‘वाघाच्या हाती देईन काठी’ म्हटलं आणि बाकीची हसून तेच म्हणायला लागली तर मी पहिला टाळी देईन. पालकांच्या ग्रुपवर मतदान घेऊन ओळ ठरवली की ती शाळेच्या वहीत राहते, दारात जात नाही.

---

नीरक्षीर
‘वाघाच्या हाती देईन काठी’ आवडलं. :) हेच म्हणा की मग.

---

सुपारीची_बाग
गोव्यातून. आमच्याकडे पाडव्याला गोरवांचो (गुरांचा) पाडवो. गोरवांना न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, गळ्यात झेंडूच्या माळा आणि पोळ्यांच्या माळा. पोळे म्हणजे तांदळाचे घावन. मग गोरवांना सोडतात आणि पोरं त्यांच्यामागे धावून ते पोळे ओढायला बघतात. गोठ्यातल्या पोरांचा धेणलोही त्याच दिवसांत, लाकडी मखरात कृष्ण बसवून नाचत घरोघर. गाणी कोकणीत, म्हणून इथे देत नाही, पण मागणं तेच: आम्ही तुमची गुरं राखली, आता आमचं काय ते द्या.

अवांतर: कोल्हापूरकर अजून कसे आले नाहीत? दिवाळीत म्हशी सजवून रस्त्यानं मिरवतात ते तेच ना?

---

रंकाळा_बाजू
आलो आलो. हो, म्हशी. अंगावर नक्षी, शिंगांना मोरपीस, पायात घुंगरं आणि मालकाच्या मोटारसायकलमागे पळणारी म्हैस. गाणं वगैरे काही नाही, नुसती हलगी आणि मालकाची हाक. पण हाकेवर म्हैस गर्दीतून वळून येते, ते बघायला पोरं खांद्यावर बसलेली असतात. गाण्याच्या धाग्यात बसत नसेल तर सोडून द्या.

---

जात्यावरची
पुस्तकांत शोधायचं असेल तर सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेले खंड बघा. ओव्यांसाठी साने गुरुजींचं ‘स्त्री जीवन’. आणि हेमा राईरकर-गी पॉयट्वॅँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या, एक लाखाहून जास्त, आता ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं येतात. बऱ्याच ओव्यांचा आवाजही ऐकायला मिळतो. त्यात बैल, गाय, कावळा, मोर, राघू ठायी ठायी.

पण ती प्राणीगाणी नव्हेत, एवढं ध्यानात ठेवा. ओवीतला राघू म्हणजे बहुतेक वेळा मुलगा, मैना म्हणजे मुलगी. कावळा आला की माहेरचं कोणीतरी येणार. हे कावळ्याचं तर ज्ञानदेवांच्या ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ या विराणीतही आहे, म्हणजे तेराव्या शतकात हा शकुन इतका सर्वांना ठाऊक होता की तो विठ्ठलासाठी वापरता आला. लहान मुलांना या ओव्या जरूर ऐकवा, पण हातवारे शोधू नका. तिथे हात जात्याच्या खुंट्याला गुंतलेले असतात.

---

खिरपतीला_काय
मंगळागौर राहिली की! ‘कोंबडा’ आणि ‘साळुंकी’.

साळुंकी साळुंकी, तुझी माझी पालखी… असं म्हणत जोडीनं खेळतात. कोंबडा मात्र म्हणण्यापेक्षा करण्याचा: उकिडवं बसायचं आणि बसल्या बसल्याच टुणटुण उड्या मारत समोरचीला गाठायचं. पन्नाशीच्या मावश्या दोन मिनिटं करतात आणि मग गुडघा धरून हसत बसतात. मुलांना हा खेळ फार आवडतो, मोठ्यांची फजिती होते म्हणून असेल. नऊवारीची सक्ती नसावी, हे माझं वैयक्तिक मत.

आणि भोंडल्याच्या ‘ऐलमा पैलमा’मधलं ‘पारवं घुमतंय बुरजावरी’ विसरू नका. पाटावरच्या हत्तीभोवती फेर, आणि गाण्यात पारवा. मी लहानपणी पारवा म्हणजे कोणीतरी पहारेकरी समजत होते.

---

दूरदेशी_भाकरी
सिडनीहून. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत ‘दिन दिन दिवाळी’ दरवर्षी घेतो. इथल्या मुलांना गोठा माहीत नाही, ‘ओवाळी’ माहीत नाही, लक्षुमण म्हणजे रामाचा भाऊ एवढंच. पण माणगंगा म्हणतात तसं सवाल-जबाब करून मागच्या वर्षी घेतलं होतं. एक गट ‘कुणाच्या?’ ओरडतो, दुसरा उत्तर देतो. मराठी अडखळत बोलणारी मुलंही ‘कुणाच्या’ इतकं खणखणीत ओरडली की शेजारच्या हॉलमधून लोक बघायला आले. काठीला सगळ्यांनी जमिनीवर पाय आपटले.

वाघाबद्दल एकाही पालकानं तक्रार केली नाही. खोबऱ्याबद्दल केली. एका मुलाला अ‍ॅलर्जी होती.

---

अवेळी_चहा
😂 खोबऱ्याची अ‍ॅलर्जी! आता ‘दे माई सफरचंदाची फोड’.

---

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. माणगंगा आणि डोंगरवाट यांचे प्रतिसाद मी बाईंना पाठवले. त्यांचा फोन आला. ओळ मूळचीच ठेवणार आहेत, पण वर्गात पोरांना गोष्ट सांगून: गुराखी कोण, माई कोण, वाघाला खीर का. सवाल-जबाबही करणार. आणि एक पोरगं वाघ होणार, दूध-खिरीची वाटी शेवटी त्यालाच. वाघ व्हायला आत्तापासून अर्धा वर्ग तयार आहे, ती नवीनच भांडणं आता ग्रुपवर सुरू झालीत. ज्या आईनं मूळ तक्रार केली होती तिचा मुलगा यादीत पहिला.

बाईंना दिवटी करून बघायची आहे. पुण्यात लव्हाळा कुठे मिळेल? आणि माणगंगा, ती नागफडी विणायची कशी ते जरा नीट सांगाल का?

---

माणगंगा
लव्हाळा विकत कुठे मिळत नाही. शहराबाहेर ओढ्याकाठी, पाणथळ कडेला बघा. पाऊस नुकता सरलेला असतो, त्यामुळे दिवाळीत हमखास असतो. आदल्या दिवशी कापून सावलीत टाका म्हणजे पाती जरा मऊ पडतील. ताजी लगेच विणायला घेतली तर मोडतात. विणीचा व्हिडिओ चुलत्यांकडून करून घेतो, शब्दांत सांगता येण्यासारखं नाही ते.

पाती धारदार असतात, पोरांना उपटायला लावू नका. आणि वर्गात खरी पणती नको, सेलवरची चालेल. म्हैस नाहीये ना बुजायला.